नेपाळचे सण, जत्रा आणि ऋतू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काठमांडूजवळच्या पाटणमध्ये काही वर्षं राहून परतल्यापासून श्रावण लागला की माझ्याकडे प्रश्न यायला लागतात. काही सहलीला निघालेल्यांचे असतात, काही नाथपंथीय मंडळींचे, काही नुसत्या कुतूहलाचे. तेच ते प्रश्न आणि त्यांची मला देता येतील तेवढी उत्तरं इथे एकत्र ठेवली आहेत. दशैं आणि मच्छिंद्रनाथ यांच्यावर जास्त लिहिलं आहे, कारण माझा जीव तिथे अडकला आहे.

नेपाळचे सण म्हणजे आपलेच सण, फक्त नावं वेगळी. बरोबर?

उलट आहे. नावं पुष्कळदा आपलीच असतात, रीत वेगळी असते. घटस्थापना, नागपंचमी, ऋषिपंचमी, संक्रांत, शिवरात्र हे शब्द कानावर पडले की आपल्याला घरच्यासारखं वाटतं आणि मग आपण बघायचं थांबवतो. हीच चूक होते.

२०२१च्या जनगणनेत नेपाळने १४२ जाती-जमाती आणि १२४ मातृभाषा नोंदवल्या आहेत. खस ब्राह्मण-क्षेत्री, नेवार, मगर, गुरुंग, तामांग, राई, लिंबू, शेर्पा, थारू, मैथिल या सगळ्यांचे सण एका यादीत बसत नाहीत. शिवाय तराईचं सपाट शिवार समुद्रसपाटीपासून शंभर मीटरच्या आतबाहेर आहे, आणि तिथून सरळ रेषेत दीड-दोनशे किलोमीटरवर ८,८४८ मीटरचं शिखर. एकाच आठवड्यात खाली भात कापणीला आलेला असतो आणि वर याक खालच्या कुरणांकडे उतरवायची घाई असते. सण त्या त्या उंचीच्या कामाला बांधलेला असतो. हे धरून चाललं तर पुढचं बरंचसं आपोआप उलगडतं.

तारखा कशा काढायच्या? आपल्या पंचांगावर चालेल का?

चालेल, पण दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात.

नेपाळचं सरकारी कॅलेंडर विक्रम संवताचं आहे आणि ते सौर आहे. वर्ष एप्रिलच्या मध्यावर, वैशाख १ला सुरू होतं. महिने २९ ते ३२ दिवसांचे असतात. हो, ३२ तारीख खरंच असते. काही सण या सौर तारखांवर चालतात : नवं वर्ष, माघे संक्रांती, असार १५. बाकीचे बहुतेक तिथीवर. दोन्ही एकाच भिंतीवरच्या कॅलेंडरात छापलेलं असतं.

दुसरी गोष्ट महिन्यांची. आपल्याकडे महिना अमावास्येला संपतो, तिकडे तिथींचा महिना पौर्णिमेला संपतो. म्हणून शुक्ल पक्षात आपलं आणि त्यांचं नाव जुळतं, वद्य पक्षात ते एक महिना पुढे असतात. त्यांची ‘भाद्र कृष्ण प्रतिपदा’ म्हणजे आपली श्रावण वद्य प्रतिपदा, राखीपौर्णिमेचा दुसरा दिवस. एवढं कळलं की आपलं घरातलं पंचांग उघडून अर्धा नेपाळ वाचता येतो.

आणखी एक संवत आहे, काठमांडू खोऱ्यातल्या नेवार समाजाचा नेपाळ संवत. तो इ. स. ८७९ मध्ये सुरू झाला आणि त्याचं वर्ष कार्तिक शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे आपल्या दिवाळीच्या पाडव्याला बदलतं. शंखधर साख्वा नावाच्या माणसाने लोकांची कर्जं फेडून हा संवत सुरू केला अशी कथा आहे. एखाद्या राजाच्या विजयावरून नाही, तर कर्जमुक्तीवरून कालगणना सुरू होते, हे मला फार मोलाचं वाटतं.

दशैं म्हणजे आपला दसराच ना? मग पंधरा दिवस कशाला?

दशैं आश्विन शुद्ध प्रतिपदेला बसतो आणि कोजागरीला उठतो. पहिल्या दिवशी घट बसतो आणि मातीत जव पेरतात. हे अंधाऱ्या खोलीत वाढवतात, म्हणून कोंब हिरवे न होता पिवळेधमक येतात. यांना जमरा म्हणतात. आपल्याकडेही घटाचं धान दसऱ्याला टोपीत, पागोट्यात खोवतात; हे दोन रिवाज सख्खे आहेत असं मानायला हरकत नाही.

सातव्या दिवशी फुलपाती. शाह राजघराण्याचं मूळ ठिकाण गोरखा, तिथल्या दरबारातून पानाफुलांचा हा भार डोंगरवाटांनी काठमांडूच्या हनुमान ढोक्यात, म्हणजे जुन्या राजवाड्यात, येतो. राजेशाही २००८ मध्ये संपली, फुलपाती यायची थांबली नाही. अष्टमी-नवमीला देवीला बळी. नवमीला हत्यारं, अवजारं आणि वाहनांची पूजा, म्हणजे आपली खंडेनवमी. त्या एका दिवशी काठमांडूचं तलेजू भवानीचं देऊळ सगळ्यांसाठी उघडतं.

तलेजूला तिकडे तुळजा भवानीही म्हणतात. हे ऐकल्यावर आपल्या माणसांचे डोळे चमकतात. पण नाव सारखं आहे एवढ्यावरून तिला थेट तुळजापूरची करून टाकू नये. नेपाळच्या परंपरेत ती तराईतल्या सिम्रौनगढच्या कर्नाट राजघराण्याची कुलदेवी म्हणून आली, अशी कथा आहे.

आणि मग दशमी. आपल्याकडे सोनं लुटून संध्याकाळी घरी आलं की दसरा झाला. तिकडे खरा दशैं इथे सुरू होतो. तांदूळ, दही आणि लाल अबीर कालवून केलेला जाड टीका घरातली मोठी माणसं धाकट्यांच्या कपाळभर लावतात, कानामागे जमरा खोवतात, हातात दक्षिणा ठेवतात आणि डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद म्हणतात. मुलींना-सुनांना दिल्या जाणाऱ्या आशीर्वादात ‘जयन्ती मङ्गला काली’ ऐकलं, तेव्हा मला आजीच्या देवघरातला आवाज आठवला. टीका एका घरी घेऊन भागत नाही. आजोळ, मामा, काका, थोरली बहीण, सगळीकडे जावं लागतं, आणि डोंगरात एक नातेवाईक या धारेवर तर दुसरा त्या धारेवर. म्हणून कोजागरीपर्यंतचे पाच दिवस. हे पंधरा दिवस देवीसाठी जेवढे आहेत तेवढेच चालण्यासाठी आहेत.

त्या काळात काठमांडू रिकामं होतं. दुकानं बंद, बसगाड्या भरून गावाकडे. गावात उंच हिरवे बांबू वाकवून लिंगे पिंग, म्हणजे झोके, बांधतात. वर्षातून एकदा तरी जमिनीवरून पाय सुटावे म्हणून म्हातारी माणसंही त्यावर बसतात. आकाशात पतंग असतात; आता पाऊस पुरे, असा निरोप ते वर पोचवतात असं मानतात.

हेही सांगायला हवं की दशैं सगळ्यांचा नाही. मगर, गुरुंग, राई, लिंबू अशा समाजांत काही जण लाल न लावता पांढरा टीका लावतात, आणि हा सण आपल्यावर राज्यसत्तेने लादला असं म्हणून तो न पाळणारेही आहेत. त्यांचं म्हणणं ऐकून घेण्यासारखं आहे.

बळी आम्हाला बघवणार नाही. काय करावं?

अष्टमीच्या रात्री आणि नवमीला मोठ्या देवीस्थानांकडे जाऊ नका, एवढंच. रस्त्यांवर बकऱ्यांचे कळप विकायला आलेले दिसतील, ते टाळता येणार नाही. पुष्कळ घरांत बकऱ्याऐवजी नारळ किंवा कुभिंडो, म्हणजे आपला कोहळा, कापतात. कोहळा कापण्याची रीत महाराष्ट्राला नवी नाही. ‘बारा’ नावाच्या जिल्ह्यातल्या गढीमाई देवीला दर पाच वर्षांनी होणाऱ्या सामूहिक बळींवर नेपाळमध्येच मोठा वाद आहे आणि विरोध करणारे नेपाळीच आहेत. बाहेरून जाऊन उपदेश करण्याची गरज नाही. मला स्वतःला ते बघवत नाही, आणि यजमानांना मी तसं साध्या शब्दांत सांगत असे. कुणी वाईट मानलं नाही.

तिहारमध्ये कुत्र्यांची पूजा करतात, ते खरं आहे का?

खरं आहे. तिहार म्हणजे यमाचे पाच दिवस, यमपंचक. पहिला दिवस कावळ्याचा : तो निरोप आणतो, म्हणून त्याला आधी वाढायचं. आपण कावळ्याला पितृपक्षात बोलावतो आणि एरवी हाकलतो. तिकडे त्याला सणाचं पहिलं ताट. दुसरा दिवस कुत्र्याचा, तो यमाच्या दाराचा राखणदार. घरचा असो वा गल्लीतला, गळ्यात झेंडूची माळ, कपाळावर टीका, पुढ्यात खाऊ. पोलिसांच्या श्वानपथकातली कुत्रीसुद्धा त्या दिवशी माळा घालून बसतात. तिसऱ्या दिवशी सकाळी गाय, संध्याकाळी लक्ष्मी.

श्रावणी पौर्णिमेला, म्हणजे जनै पूर्णिमेला, मनगटावर बांधून घेतलेला दोरा त्या सकाळी सोडून गाईच्या शेपटीला बांधतात. मेल्यावर तीच शेपूट धरून वैतरणी ओलांडायची असते. पावसात बांधलेली गाठ थंडीच्या तोंडाशी सुटते. मधले महिने तो दोरा अंघोळीत, शेतात, भांडी घासताना मनगटावर असतो, काळा पडत जातो.

त्या रात्री बायका-मुली दारोदार भैलो गातात, दुसऱ्या दिवशी पुरुषांचं देउसी. एक जण ओळ म्हणतो, बाकीचे ‘देउसी रे’ म्हणून उचलतात. घरातून तांदूळ, पैसे आणि सेलरोटी मिळते. सेलरोटी म्हणजे तांदळाच्या पिठाचं तळलेलं मोठं कडं. बाहेरून खुसखुशीत, आत मऊ.

चौथा दिवस बैलाचा किंवा गोवर्धनाचा. नेवारांच्या घरी त्याच रात्री म्हःपूजा असते, म्हणजे स्वतःच्या देहाची पूजा. घरातल्या प्रत्येकासाठी जमिनीवर एकेक मंडल काढतात आणि ओळीने बसतात. जो परदेशी आहे त्याच्यासाठीही मंडल असतं. यमासाठीही असतं. मला पाहुणी म्हणून त्या ओळीत बसवलं तेव्हा माझ्या शेजारचं मंडल कतारला गेलेल्या मुलाचं होतं. त्याच्यापुढेही दिवा लावला, फळं ठेवली, आणि घरमालकीणबाईंनी त्याच्या नावाने सगळे विधी एकही पायरी न गाळता केले.

भाऊबीज आणि भाइटीका यांत फरक काय?

आपण ओवाळतो. तिकडे बहीण आधी भावाभोवती तेल आणि पाण्याची धार सोडत प्रदक्षिणा घालते, म्हणजे यमाला ती रेघ ओलांडता येऊ नये. मग उंबऱ्यावर अक्रोड फोडते, कपाळावर सात रंगांचा उभा टीका लावते आणि गळ्यात मखमली फुलांची माळ घालते. हे जांभळं फूल वाळलं तरी रंग सोडत नाही.

ज्यांना भाऊ किंवा बहीण नाही त्यांनी काय करावं? काठमांडूच्या मध्यावर रानीपोखरी नावाचं तळं आहे. त्याच्या मधोमधचं देऊळ वर्षातून याच एका दिवशी लोकांसाठी उघडतं, आणि भावंडं नसलेली माणसं तिथे जाऊन टीका लावून घेतात. राजा प्रताप मल्लाने हे तळं १६७० मध्ये खणवलं, मुलगा गेल्यावर राणी सावरेना म्हणून. २०१५च्या भूकंपात देऊळ कोसळलं, २०२० मध्ये पुन्हा उभं राहिलं.

गाईजात्रा हसण्याचा सण आहे की शोकाचा?

दोन्ही, आणि याचं नातं त्याच राणीशी आहे. ज्या घरात गेल्या वर्षभरात मृत्यू झाला, त्या घराने श्रावण वद्य प्रतिपदेला एक गाय किंवा गाईचा वेष केलेलं मूल गावातून फिरवायचं. गाय मृताला पलीकडे नेते अशी श्रद्धा. कथा अशी की प्रताप मल्लाने राणीला दाखवण्यासाठी हुकूम काढला : ज्यांच्या ज्यांच्या घरी मरण आलं त्यांनी मिरवणूक काढा. खिडकीतून राणीने पाहिलं की रांग संपतच नाही. तरी ती हसेना, तेव्हा राजाने लोकांना सोंगं आणायला, टवाळी करायला सांगितलं. म्हणून या दिवशी राज्यकर्त्यांची थट्टा करायची मुभा आहे, वर्तमानपत्रं त्यासाठी खास पानं काढतात.

बघायची असेल तर भक्तपूरला बघा. तिथे बांबूच्या उंच चौकटीला कापड गुंडाळून त्यावर मृताचा फोटो लावतात, पुढे-मागे दोन ओळींत काठ्या आपटत घिन्ताङघिसी नाच चालतो. ताल असा जोरकस की पाय आपोआप हलतात, आणि मग फोटोकडे लक्ष जातं. माझ्या पहिल्या वर्षी एक शाळकरी मुलगा आपल्या आजीच्या चौकटीपुढे घामाघूम होऊन नाचत होता. त्याचा चेहरा दु:खी होता की आनंदी, हे मला आजही सांगता येणार नाही.

रातो मच्छिंद्रनाथ म्हणजे आपले नवनाथांतले मच्छिंद्रनाथ?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो. आपल्याला नाथ परके नाहीत : मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती, ज्ञानदेव ही परंपरा ज्ञानेश्वरांनी स्वतः सांगितली आहे, आणि मच्छिंद्रनाथांची समाधी आपण बीड जिल्ह्यात सावरगावला मानतो. त्यामुळे पाटणच्या रस्त्यावर ‘मच्छिंद्रनाथको रथ’ ऐकलं की हात जोडले जातात.

पाटणच्या जुन्या नेवार माणसाला विचारा, तो देवाचं नाव बुंगद्यः सांगेल, म्हणजे पाटणजवळच्या बुंगमती गावाचा देव. बौद्ध त्याला करुणामय, लोकेश्वर म्हणतात. मच्छिंद्रनाथ हे नाव त्यावर नंतर आलं. देव एकच, लाल रंगाचा, मोठ्या डोळ्यांचा. पुजारी बौद्ध, भक्त दोन्हीकडचे. ‘खरा कुणाचा?’ हा प्रश्न तिथे कुणी विचारत नाही. आपणही विचारू नये.

कथेत गोरखनाथ येतात. ते नागांवर आसन घालून बसले आणि बारा वर्षं पाऊस पडला नाही. त्यांना उठवायचं तर गुरूला आणायला हवं, म्हणून राजा नरेंद्रदेव, आचार्य बंधुदत्त आणि ललित नावाचा शेतकरी असे तिघे कामरूपला जाऊन देवाला घेऊन आले. गुरू आलेले पाहून गोरखनाथ उठले, नाग सुटले, पाऊस आला. राजा, आचार्य, शेतकरी. तिघांतला एकही कमी करून चालत नाही. ही जत्रा पावसासाठी आहे आणि पावसाच्या तोंडावरच होते.

रथ साठ फुटांच्या आसपास उंच. लाकडी बैठक आणि वर वेताने बांधलेला सुळका, त्यावर हिरव्या फांद्या. चाकांवर डोळे रंगवलेले. लाकूडकाम एका घराण्याचं, वेताचं बांधकाम दुसऱ्या घराण्याचं, पिढ्यान्‌पिढ्या. पुल्चोकपासून गाबहाल, सुनधारा, लगनखेल असा तो ओढत नेतात, मागून मीननाथांचा लहान रथ येतो. सुळका डोलतो, कलतो, कधी विजेच्या तारांत अडकतो, कधी दिवसचे दिवस एकाच जागी थांबतो. लगनखेलला रथाच्या टोकावरून नारळ टाकतात आणि तो झेलायला गर्दी उसळते. एका टप्प्यावर रथ फक्त बायका ओढतात. मी त्या दोराला हात लावला आहे. दोर वेताचा असतो, तळहात सोलून निघतो.

शेवट जावलाखेलला, भोटोजात्रेने. भोटो म्हणजे बंडी. एका शेतकऱ्याने कर्कोटक नागाच्या राणीचे डोळे बरे केले म्हणून त्याला रत्नजडित बंडी मिळाली, ती भुताने पळवली, आणि जत्रेत दोघे समोरासमोर आले. पुरावा कुणाकडेच नव्हता. म्हणून बंडी देवाकडे ठेव म्हणून राहिली, आणि दरवर्षी राष्ट्रप्रमुखाच्या समोर ती चारी दिशांना दाखवतात : ज्याची असेल त्याने पुरावा घेऊन यावं. अजून कुणी आलेलं नाही.

कुमारीचं दर्शन घ्यावं की घेऊ नये?

काठमांडूची कुमारी शाक्य कुळातली, म्हणजे बौद्ध घरातली मुलगी. तिच्यात तलेजू वसते असं मानतात. पहिली पाळी आली की ती पुन्हा सामान्य मुलगी होते. भाद्रपदात इंद्रजात्रेला तिचा रथ निघतो, आणि पहिला दिवस नेमका आपल्या अनंत चतुर्दशीचा. इकडे गणपती निघालेले असतात, तिकडे कुमारी. १७६८ मध्ये याच जत्रेच्या दिवशी पृथ्वीनारायण शाहने काठमांडू घेतलं आणि तिच्याकडून टीका लावून घेतला. तेव्हापासून राजे तिच्यापुढे वाकत आले, आता राष्ट्रपती वाकतात.

तिच्या बालपणाचं काय, हा प्रश्न रास्त आहे. नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये तिला शिक्षणासह मुलांचे सगळे हक्क आहेत असं ठरवलं. आता शिकवायला शिक्षक येतात. दर्शन घ्यायचं तर कुमारीघराच्या चौकात शांत उभं राहा. ती खिडकीत आली तर आली. फोटो काढायला मनाई आहे आणि ती पाळाच. लहान मुलगी आहे ती.

तीज आणि हरितालिका एकच का?

तिथी एकच, भाद्रपद शुद्ध तृतीया, आणि पार्वतीची कथाही तीच. वातावरण मात्र वेगळं. आदल्या रात्री माहेरी ‘दर’ खायचं, म्हणजे पोटभर चमचमीत जेवण. दुसऱ्या दिवशी पाणीही नाही. लाल साड्यांनी पशुपतिनाथाचा परिसर भरून जातो आणि बायका तासन्‌तास नाचतात. तीजची गाणी ऐका. सासरचा जाच, दूर गेलेला नवरा, दारू, महागाई, सरकार, सगळं त्यांत येतं. आपल्या जात्यावरच्या ओव्या जर चौकात येऊन नाचल्या असत्या तर अशा दिसल्या असत्या.

दोन दिवसांनी ऋषिपंचमी. आपल्याकडे त्या दिवशी आघाड्याच्या काडीने दात घासतात आणि बैलाच्या कष्टाचं खात नाहीत. तिकडेही दतिवन म्हणजे आघाडाच. ३६५ काड्या मोजून घेतात आणि नदीवर अंघोळ करतात. हे पाळीतल्या ‘दोषां’चं प्रायश्चित्त समजलं जातं. इथे मला स्पष्ट बोलायचं आहे : पाळीला दोष मानणं चूक आहे, इकडेही आणि तिकडेही. पश्चिम नेपाळात बाईला गोठ्यात पाठवायची छाउपडी प्रथा याच समजुतीतून आली. २०१७च्या कायद्याने तो गुन्हा ठरला आहे.

शेतीशी बांधलेले सण कोणते?

असार १५, जूनअखेर : भातलावणीचा दिवस. चिखलात गाणी, एकमेकांना चिखल, आणि दही-चिउरा, म्हणजे दही-पोहे. ‘मानो रोपेर मुरी उब्जाउने’ अशी म्हण आहे. ही धान्याची मापं : एका मुरीत १६० मानो. एक पेरा, एकशे साठ घ्या.

लावणी संपली की साउन १ला ‘लुतो फाल्ने’ : जळती कोलितं अंगणाबाहेर भिरकावून खरजेला हाकलायचं. महिनाभर चिखलात उभ्या राहिलेल्या पायांचा तो सण आहे. नेवारांचा गठांमुगः याच सुमारास, आपल्या दीप अमावास्येच्या आदल्या दिवशी : चौकात बोरूचा राक्षस उभारून नदीवर ओढत नेतात, उंबऱ्यात खिळा ठोकतात.

उंच डोंगरात काय बघावं?

किरात, म्हणजे राई-लिंबूंच्या प्रदेशात, उभौली आणि उधौली. उभौली वैशाख पौर्णिमेला, उधौली मार्गशीर्ष पौर्णिमेला. नावातच ऋतू आहे : पक्षी, मासे, गुरं वर निघाली ती उभौली, खाली उतरली ती उधौली. साकेला नाचात ढोल-झांजांवर गोल धरून फिरतात आणि हातांनी पेरणी, खुरपणी, पाखरांचं उडणं दाखवतात. पूर्व नेपाळला जाणं झालं तर बाकी सगळं सोडून हे बघा.

ल्होसार, म्हणजे नवं वर्ष, तीन आहेत : गुरुंगांचं पुस १५ला, तामांगांचं माघ शुद्ध प्रतिपदेला, शेर्पांचं फाल्गुन शुद्ध प्रतिपदेला. मे महिन्यात मुस्ताङमधल्या लो मान्थाङला तिजी, शरदात तेंगबोचेच्या बौद्ध मठात मनि रिम्दू. दोन्हीकडे लामांचे मुखवट्यांचे नाच. श्रावणी पौर्णिमेला मुक्तिनाथाकडे यार्तुङ, घोड्यांच्या शर्यती. त्याच पौर्णिमेला ४,३८० मीटरवरच्या गोसाइँकुंडात यात्रेकरू आणि झाँक्री, म्हणजे डोंगरातले देवऋषी, बुडी मारतात. काठमांडूहून थेट इतक्या उंचीवर जाऊ नका, मध्ये मुक्काम करा.

आणि तराईत?

छठ आणि जनकपूरची विवाहपंचमी पुष्कळांना ठाऊक असते. मी माघीबद्दल सांगेन. माघी, म्हणजे संक्रांत, हे थारूंचं नवं वर्ष. त्या दिवशी गावाचा बडघर, म्हणजे प्रमुख, निवडतात, वर्षाची कामं ठरवतात. याच दिवशी पूर्वी कमैया, म्हणजे वेठबिगार, मालकाशी पुन्हा बांधला जाई, आणि मुलींना कमलरी म्हणून परक्या घरी कामाला धाडत. कमैया पद्धत जुलै २००० मध्ये रद्द झाली, कमलरी २०१३ मध्ये. आजच्या माघीच्या नाचात हे सगळं आहे.

एवढ्या जत्रांचा खर्च कोण करतं?

काठमांडू खोऱ्यात याचं उत्तर गुठी. गुठी म्हणजे काही घरांनी मिळून चालवलेला न्यास, त्याला लावून दिलेली जमीन आणि वाटून दिलेली कामं. कुणाच्या गुठीकडे रथाचे दोर, कुणाकडे एका देवळातलं तेल, कुणाकडे विशिष्ट ढोल. अंत्यविधी करणारी सि गुठीही असते. शेजारी मेला तर कोण काय उचलणार ते आधीच ठरलेलं. आपली देवस्थान इनामं, मानकरी आणि बलुती डोळ्यांपुढे आणा, म्हणजे कळेल.

१९६४ मध्ये सरकारने गुठी संस्थान काढून पुष्कळ गुठींच्या जमिनी ताब्यात घेतल्या. २०१९ मध्ये उरलेल्यांवरही नियंत्रण आणणारं विधेयक आलं, तेव्हा जूनमध्ये काठमांडूच्या रस्त्यांवर हजारो लोक उतरले, ढोल घेऊन, वेषात, आणि सरकारने विधेयक मागे घेतलं. जत्रा टिकते ती श्रद्धेवर, असं आपण म्हणतो. मला तिथे दिसलं की जत्रा टिकते ती कुणीतरी पहाटे उठून तेल मोजण्यावर, आणि त्या तेलामागे एक शेत असतं.

सणांत खायला काय मिळेल? आम्ही शाकाहारी आहोत.

क्वाँटी : नऊ मोड आलेल्या कडधान्यांची आमटी, श्रावणी पौर्णिमेला. संक्रांतीला तीळ, तूप, कंदमुळं आणि चाकू. हा चाकू म्हणजे सुरी नव्हे, उसाचा रस आटवून केलेला चिवट गूळ. आणि मार्गशीर्ष पौर्णिमेला योमरी : तांदळाच्या उकडीच्या निमुळत्या पारीत चाकू-तिळाचं सारण भरून वाफवलेली. हा उकडीच्या मोदकाचा नेवार भाऊ आहे. त्या दिवशी आपली दत्तजयंती असते, आणि भक्तपूरला यक्ष मल्लाच्या काळातलं, पंधराव्या शतकातलं, दत्तात्रेयाचं देऊळ आहे. सकाळी दत्त, दुपारी योमरी. मराठी माणसाने हा दिवस चुकवू नये. सेलरोटीत अंडं नाही ना, हे विचारून घ्या. नेवारी भोजात मात्र मांस-मद्य विधीचाच भाग असतं. नको असेल तर पान उजव्या हाताने हलकेच झाकून ‘पुग्यो’, म्हणजे ‘पुरे’, म्हणा.

पुढची बारा वर्षांची जत्रा कधी आहे?

एरवी मच्छिंद्रनाथाचा रथ पाटणमध्येच बांधतात. बारा वर्षांतून एकदा तो बुंगमतीत बांधून तिथून पाटणला आणि परत, असा ओढतात. मागची वेळ २०१५ची. रथ निघाला आणि २५ एप्रिलला भूकंप झाला. बुंगमतीचं देऊळ कोसळलं, रथ वाटेत अडकून पडला. लोकांनी काही महिन्यांनी तो पुन्हा उभा करून जत्रा पुरी केली. त्या हिशेबाने पुढची पाळी २०२७ची, विक्रम संवत २०८४. वैशाखात खोऱ्यात पोचा आणि परतीचं तिकीट उशिराचं काढा, कारण रथ कुठे किती दिवस थांबेल ते सांगता येत नाही. सुती कपडे, पायात घट्ट बूट, आणि दोर धरायचा असेल तर हातात जाड फडकं.